वाकेन पण जुळणार नाही

नाशिकमध्ये ॲल्युमिनियम कळणाऱ्या माणसांची वाण नाही. १९६४ साली ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना आला तो मिग विमानं बांधण्यासाठी, आणि विमानाचा सांगाडा-कातडी म्हणजे बहुतांशी ॲल्युमिनियमच. सातपूर-अंबडच्या वसाहतींत ॲल्युमिनियम ओतणारे, कातणारे, घासणारे लोक रोज पंच करून आत जातात. गल्लोगल्ली स्लायडिंग खिडक्यांचा एक तरी कारागीर आहे. भांडी बाजारात जर्मनच्या कढया-पातेल्यांची चळत छताला टेकलेली असते. आणि या सगळ्या जाणत्या मंडळींचं एका बाबतीत एकमत आहे : ॲल्युमिनियमचे दोन तुकडे जोडायची वेळ आली, की वेल्डिंग सोडून जे करता येईल ते करावं. विमानवाला रिव्हेट मारतो, कारण विमानाच्या कातडीत तांबं मिसळलेलं असतं आणि वेल्डिंगच्या आचेनं ती जात तडकते. खिडकीवाला कोपऱ्यात क्लीट घालून स्क्रू पिळतो. कढईला कान लावणारा दोन रिव्हेट ठोकून मोकळा होतो. पातेल्याला तर जोडच नको, म्हणून ते पत्र्याच्या एकाच चकतीतून दाबून काढतात.

उरतो तो इंदिरानगर, पाथर्डी फाटा किंवा गंगापूर रोडच्या एखाद्या रो-हाउसातला गृहस्थ. तो घरी वेल्डिंग करतो.

हा गृहस्थ ओळखायला सोपा असतो. तीसेक वर्षं त्यानं कारखान्याच्या क्वालिटी विभागात दुसऱ्यांचे जॉब नापास केलेले असतात. निवृत्तीनंतर त्याला स्वतःचे नापास करायचे असतात. त्याच्याकडे व्हर्निअर असतो, आणि तो देव्हाऱ्याच्या शेजारच्या कपाटात मखमली पेटीत असतो. मोबाइलवर त्यानं असंख्य व्हिडिओ पाहिलेले असतात. त्यांत हातमोजे घातलेला एक हात ॲल्युमिनियमवर एकसारख्या चकचकीत लहरी उमटवत संथपणे पुढे सरकत असतो. त्या लहरींसाठीच हा सगळा खटाटोप. तुकडे जोडले जातात, तो जोडधंदा.

लोखंडाचं वेल्डिंग शिकायला नाशकात विद्यापीठाची गरज नाही. कुठल्याही ग्रिलवाल्याच्या दुकानासमोर अर्धा तास उभं राहिलं तरी पुरे. ॲल्युमिनियमचं प्रकरण निराळं. शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळतं. पण त्याच्या अंगावर हवेच्या स्पर्शानं जो ऑक्साइडचा पापुद्रा धरतो, तो वितळायला २०७२ अंश लागतात. पापुद्रा जेमतेम काही नॅनोमीटरचा. खरवडून काढला तर डोळ्यांदेखत परत येतो. म्हणजे आत धातूचं पाणी झालेलं असतं आणि वर कातडी मात्र शाबूत. बरं, लोखंड तापलं की लाल होऊन तसं सांगतं तरी. ॲल्युमिनियम रंग बदलत नाही. ते पांढऱ्याचं पांढरं राहतं, आणि गृहस्थ ‘अजून तापलं नाही वाटतं’ म्हणून जरा वाकून बघतात तोच अख्खा कोपरा खाली बुटावर पडतो.

यावर तोडगा निघाला तो विमानांच्याच कारखान्यात. १९४१च्या सुमारास कॅलिफोर्नियात नॉर्थरॉप कंपनीला मॅग्नेशियमचं लढाऊ विमान जोडून बांधायचं होतं. मॅग्नेशियम म्हणजे ॲल्युमिनियमचंही अवघड भावंड. हवेत तापवलं तर पेटतं. तिथल्या रसेल मेरेडिथ या अभियंत्यानं टंगस्टनच्या टोकावरून ठिणगी पेटवली आणि भोवती हेलियम सोडून हवेला दूर ठेवलं. टंगस्टन ३४२२ अंशांपर्यंत वितळत नाही, त्यामुळे टोक जागेवर राहतं आणि धातू भरायला वेगळी काडी हातात धरता येते. पुढे हेलियमच्या जोडीला आर्गॉन आला, आणि इंग्रजी आद्याक्षरांनी या पद्धतीला ‘टिग’ म्हणू लागले. अंबडच्या पाट्यांवर मात्र ‘येथे आर्गॉन वेल्डिंग करून मिळेल’ असं लिहिलेलं असतं, आणि तेच बरोबर वाटतं. बिल आर्गॉनचंच येतं.

ॲल्युमिनियमला मशीन एसी लागतं. करंट एका दिशेनं वाहतो तेव्हा तो ऑक्साइडचा पापुद्रा उडवतो, उलट दिशेनं वाहतो तेव्हा धातू वितळवतो. सेकंदाला पन्नास ते शंभरेक वेळा तो साफसफाई आणि स्वयंपाक आलटून पालटून करतो. स्टीलला डीसी पुरतो. वायनऱ्यांच्या आणि डेअऱ्यांच्या चकचकीत टाक्या त्यावरच जोडल्या जातात. एसी-डीसी दोन्ही देणारं मशीन बरंच महाग पडतं. ‘आता घेतोच आहोत तर चांगलं घेऊ’ या वाक्यानं जी खरेदी होते तीच इथेही होते, आणि क्लॅम्प घ्यायला पैसे उरत नाहीत. या लेखातल्या पुढच्या सगळ्या अनर्थाचं मूळ या एका हिशेबात आहे. दोनशे अँपिअरचं मशीन आणि दोन सी-क्लॅम्प, त्यातला एक भाच्याकडून आणलेला : हे नाशिकच्या घरगुती वेल्डिंगचं सर्वसाधारण अंदाजपत्रक.

मशीन पूर्ण जोरात ओढलं तर घरच्या २३० व्होल्टच्या लाइनवर पंचवीस-तीस अँपिअर मागतं. वर कोणी गीझर लावला असेल तर एमसीबी पडतो. आंघोळीला गेलेला माणूस आतून ओरडतो, आणि पार्किंगमध्ये अर्धवट राहिलेला जोड तडकतो. मशीनवर ‘४० टक्के ड्यूटी सायकल’ लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ, पूर्ण करंटवर दहा मिनिटांतली चार मिनिटं काम आणि सहा मिनिटं आराम. गृहस्थांच्या घरात इतकी सवलत आजवर कोणालाच मिळालेली नाही.

मग आर्गॉन. हवेत आर्गॉन ०.९३ टक्के असतो. दहा बाय दहाच्या, दहा फूट उंच खोलीत साधारण २६० लिटर आर्गॉन फुकट पडून असतो, आणि मिनिटाला दहा लिटर या हिशेबानं त्यात सव्वीस मिनिटांचं वेल्डिंग होईल, असं गणित गृहस्थांनी वहीत करून ठेवलं आहे. तो हवेतून वेगळा कसा काढायचा, एवढाच प्रश्न असल्यानं ते अंबडहून सिलिंडर आणतात. मोठ्या सिलिंडरमध्ये सात घनमीटर वायू बसतो, तो दीडशे पट दाबानं कोंबलेला. सिलिंडर रिक्षातून उतरताना शेजारच्या वहिनी गॅलरीतून विचारतात, ‘काका, हा पेटणार नाही ना?’ आर्गॉन पेटत नाही, तो कशाशीच संबंध ठेवत नाही, हे काका समजावून सांगतात. पण सिलिंडर आडवा पडून त्याची मान मोडली तर तो भिंत फोडून वहिनींच्या स्वयंपाकघरात येऊ शकतो, हे काका सांगत नाहीत. सिलिंडर साखळीनं खांबाला बांधावा लागतो, तो याच कारणानं. नाशिकच्या औद्योगिक वसाहतींना साप्ताहिक सुट्टी शनिवारी असते. भाचा मदतीला मोकळा असतो तोही शनिवारीच, म्हणून मोठी कामं शनिवारी निघतात; आणि आर्गॉन नेमका शनिवारी दुपारी संपतो.

या वायूला वारा चालत नाही. झुळूक आली की आर्गॉन बाजूला होतो, हवा आत शिरते, आणि जोड काळा पडून त्यात भोकं राहतात. त्यामुळे मे महिन्यात, बाहेर पारा चाळिशीला टेकलेला असताना, अंगात पूर्ण बाह्यांचा जाड शर्ट, हातात चामडी मोजे, तोंडावर हेल्मेट घालून गृहस्थ पंखा बंद करतात.

‘अहो, पंखा का बंद केलात?’

‘वारा लागतो.’

‘कोणाला?’

‘गॅसला.’

यावर आतून उत्तर येत नाही. भांडी येतात ऐकू. दारं-खिडक्या गच्च लावून मात्र चालत नाही, कारण आर्गॉन हवेपेक्षा जड असतो आणि बंद जागेत खाली साठत जाऊन प्राणवायूला हुसकावून लावतो. थोडक्यात, वारा यायला हवा पण लागायला नको. पावसाळ्यात वेगळीच तऱ्हा. ओल पकडलेला पत्रा, घामेजलेला हात, तेलकट फडकं, या सगळ्यांतून हायड्रोजन सुटतो. तो वितळलेल्या ॲल्युमिनियममध्ये सुखानं विरघळतो आणि थिजताना बाहेर पडायला बघतो. वेळेत पडला नाही तर बुडबुडा होऊन आतच राहतो. म्हणून जोडण्याआधी ॲसिटोननं पुसायचं आणि स्टेनलेस स्टीलच्या तारेच्या ब्रशनं घासायचं. तो ब्रश फक्त ॲल्युमिनियमसाठी वेगळा ठेवायचा. एकदा कोणी त्यानं गंजलेलं गेट घासलं की तो बाद. रो-हाउसमध्ये ‘फक्त एका कामासाठीचा ब्रश’ ही संकल्पना टिकत नाही. तो दुसऱ्या दिवशी कुंड्या धुताना सापडतो.

गृहस्थांनी पहिलं मोठं काम काढलं ते सायकलींच्या स्टँडचं. नाशकात ही निवड स्वाभाविक होती. २०१५ साली डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या नाशिककर बंधूंनी अमेरिकेच्या एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची ‘रेस अक्रॉस अमेरिका’ दोघांच्या गटात पूर्ण केली. ती पूर्ण करणारी ती पहिली भारतीय जोडी. त्यानंतर शहरात सायकली इतक्या वाढल्या की पहाटे त्र्यंबक रस्त्यावर हेल्मेटवाल्यांना हेल्मेटवालेच नमस्कार करतात. गृहस्थांच्या घरी तीन सायकली आहेत. त्यांतली एक चालते. तिन्हींच्या फ्रेम ॲल्युमिनियमच्या, टिगनं जोडलेल्या. ते जोड रोज नजरेसमोर असल्यामुळे गृहस्थांना वाटलं, हे काही फार अवघड नसावं.

सामान हवं होतं ४० मिलिमीटरचे चौकोनी पाइप, भिंत ३ मिलिमीटर. पूर्वी असलं काही अंबड लिंक रोडच्या भंगार बाजारात मिळून जायचं. २०१७ साली महापालिकेनं तो हटवला तेव्हा शहरातले वाहतूकतज्ज्ञ खूश झाले आणि घरगुती कारागीर सुतकात गेले. आता दुकानातून नवं सेक्शन आणावं लागतं, तेही अख्ख्या लांबीचं. ते रिक्षात मावत नाही, म्हणून दुकानदाराकडून कापून आणतात. दुकानदाराचा काप गुण्यात नसतो, म्हणून घरी परत कापतात. आणि मग स्टँड ठरल्यापेक्षा दोन इंच आखूड होतो. हे वेल्डिंगच्या आधीचं झालं.

जोडाजोडीला सुरुवात झाली. चार पाइप जमिनीवर मांडून चौकट केली, गुण्या लावला, चारी कोपऱ्यांना एकेक टॅक, म्हणजे वेल्डिंगचा तात्पुरता ठिपका, मारला आणि एका कोपऱ्यापासून वेल्डिंग सुरू केलं. ३ मिलिमीटर जाडीला साधारण १२० अँपिअर, हे पुस्तकाप्रमाणे. पहिली पाच सेकंदं काहीच होईना, कारण ॲल्युमिनियम लोखंडाच्या चौपट वेगानं उष्णता पळवतं. एका कोपऱ्याला दिलेली आच पाइपभर पसरते. मग एकदम चकाकतं डबकं धरलं, काडी लावली, लहरी उमटल्या. त्या बऱ्यापैकी दिसत होत्या. भाच्यानं फोटो काढला. चौथ्या कोपऱ्यापर्यंत पोचेस्तोवर अख्खी चौकट चहाच्या भांड्याइतकी तापली होती, आणि आता १२० अँपिअर फार होत होते. करंट कमी करायचा पेडल पायाखाली होता. पण पाय तोपर्यंत भीतीनं पूर्ण दाबला गेला होता.

थंड झाल्यावर चौकट फरशीवर ठेवली. तीन कोपरे टेकले. चौथा करंगळीच्या पेराएवढा वर.

इथे दोष धातूला द्यायचा की माणसाला, यावर घरात दोन मतं पडली. धातूची बाजू अशी. एक मीटर ॲल्युमिनियम शंभर अंशांनी तापलं की सव्वादोन मिलिमीटरपेक्षा जास्त वाढतं. लोखंड त्याच्या निम्मंच. जोडाजवळचा धातू तापून वाढू पाहतो, पण बाजूचा थंड धातू त्याला जागा देत नाही. तापलेला धातू मऊ असतो, म्हणून तो स्वतःतच चेपला जातो. मग निवताना आकसतो, आणि चेपला गेला होता तेवढा आता लांबीला कमी पडतो. कमी पडलेला धातू दोन्हीकडच्या शेजाऱ्यांना आपल्याकडे ओढतो. त्यात वितळलेलं ॲल्युमिनियम थिजताना आकारमानानं सहा-सात टक्क्यांनी घटतं, ते वेगळंच. एवढी ओढाताण झाल्यावर चौकट सपाट राहिली तर तोच चमत्कार. गृहस्थांना हे सगळं पाठ होतं. कारखान्यात त्यांनी ‘वेल्ड डिस्टॉर्शन’ असा शेरा मारून लोकांची कामं परत पाठवली होती. तो शेरा स्वतःच्या फरशीवर तीन कोपऱ्यांवर डुलताना त्यांनी पहिल्यांदाच पाहिला.

पुढचा उपाय हातोडा. चौकटीला खाली पत्रा लावायचा होता, तोही कडेनं वेल्डिंग केल्यावर मधे फुगला होता. मनुष्यस्वभावाप्रमाणे गृहस्थांनी फुगवट्यावर ठोके घातले. फुगवटा खाली बसला आणि दुसऱ्या बाजूनं वर आला. असं दोन्हीकडून बराच वेळ झालं. शेवटी टेकण द्यायला तांब्याची पट्टी आणण्याच्या निमित्तानं ते जुन्या नाशकात गेले. पत्रा पिशवीत होताच. दुकानातल्या म्हाताऱ्या तांबटानं तो उजेडात तिरका धरला, डोळा बारीक केला आणि म्हणाला, ‘फुगलंय तिथं मारू नका. तिथं पत्रा जास्तच आहे. तुम्ही मारून अजून ताणताय.’

‘मग कुठे मारू?’

‘जिथं कमी पडलाय तिथं.’

कमी पडलाय तो कडेच्या जोडाजवळ, आकसून. तिथं ऐरणीवर धरून हलके ठोके दिले की तो परत लांबतो आणि मधला फुगवटा आपोआप उतरतो. तांबे-पितळेची भांडी घडवणाऱ्या शहराला हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या आहे. ते सातपूर-अंबडपासून काही किलोमीटरवरच असूनही तिकडे जाताना मात्र वाटेत कुठे तरी उतरून जातं. असो.

पत्रा सुधारला, चौकट नाही. म्हणून गृहस्थ ती घेऊन अंबडला एका आर्गॉनवाल्याकडे गेले. दहा बाय पंधराचं शेड, आत एक जुनं मशीन, त्यावर कव्हर म्हणून कोणत्या तरी नगरसेवकाचा फ्लेक्स. गृहस्थांचं मशीन याच्यापेक्षा नवं आणि महागडं होतं. क्लॅम्प मात्र इथे भिंतीवर ओळीनं टांगलेले होते, मोजायला वेळ लागेल इतके. मिस्त्री तिशीचा असावा.

‘काका, टॅक किती मारले होते?’

‘चार.’

‘चौकटीला चार? म्हणजे कोपऱ्याला एक?’

‘हो. वेल्डिंग पूर्ण करणारच होतो ना लगेच.’

मिस्त्री हसला नाही, हे त्याचं मोठेपण. वेल्डिंग कोणीही करतं, काम असतं ते टॅक मारण्यात, असं त्याचं म्हणणं होतं. आणि ते खरंही आहे. शिंपी कोट शिवताना आधी कच्चा टाका घालतो, गिऱ्हाइकाच्या अंगावर चढवतो, खडूनं खुणा करतो, उसवतो, परत घालतो, आणि मगच मशीनवर बसतो. गृहस्थांनी मापं घेऊन थेट काजं करायला घेतली होती. टॅक एका कोपऱ्याला बाहेरून मारला, की दुसरा तिरक्या समोरच्या कोपऱ्याला. मग टेपनं दोन्ही कर्ण मोजायचे. ते सारखे नसले तर अजून हातानं रेटून सारखे करता येतात. पूर्ण वेल्डिंग झाल्यावर तिथं पहार लागते. कर्ण जुळले की चारी कोपऱ्यांना चहूबाजूंनी टॅक. लांब शिवण असेल तर दर दीड-दोन इंचांवर, पण एका टोकाकडून ओळीनं नाही, तर आधी दोन टोकं, मग मधे, मग उरलेल्या निम्म्यांच्या मधे. नाहीतर फट पुढे पुढे सरकत जाऊन शेवटी एका टोकाला आ वासते. भराईही तशीच, तुकड्या-तुकड्यांनी. एक तुकडा इथे, दुसरा पार तिकडे, आणि मधे हात लावण्याइतकं थंड होऊ द्यायचं. करंट मात्र कमी ठेवायचा नाही. नवखा माणूस भिऊन कमी करंटवर रेंगाळतो, आणि रेंगाळण्यानंच सगळा पाइप तापतो. जास्त करंट आणि पटकन पुढे सरकणं यात उष्णता पसरायच्या आत काम होतं.

टॅक कोरडा मारायचा नाही, हेही मिस्त्रीनं सांगितलं. खिडक्यांच्या सेक्शनचं ॲल्युमिनियम, ज्याला ६०६३ म्हणतात, काडी न घालता नुसतं वितळवून जोडलं तर थिजतानाच त्याला चीर जाते. ४०४३ नंबरच्या काडीत पाच टक्के सिलिकॉन असतं, त्यानं ते टळतं. गृहस्थांना घरी चहा पिताना पार्किंगमधून अधूनमधून ‘टिक्’ असा आवाज यायचा. त्यांनी पालीवर संशय घेतला होता. ते टॅक सुटत होते.

चौकटीला पाय जोडताना आतल्या कोपऱ्यात भराई केली की दोन्ही पाइप आतल्या बाजूला ओढले जातात, म्हणजे काटकोन नव्वदपेक्षा कमी होतो. त्यावर मिस्त्रीचा उपाय साधा : ‘नव्वद पाहिजे तर एक्क्याण्णवला टॅक मारा. ओढून नव्वदला येतंय.’

इथे गृहस्थांच्या आयुष्यातला खरा पेच उभा राहिला. तीस वर्षं ज्यांनी एक्क्याण्णव अंशांचा कोन दिसला की लाल शाईनं गोल केला, त्यांनी आता जाणूनबुजून, गुण्या हातात असताना, चुकीचा कोन बांधायचा होता. पहिले दोन पाय त्यांनी मनाचा हिय्या करून एक्क्याण्णवला लावले. तिसऱ्याला हात थरथरला आणि तो साडेनव्वदवर राहिला. चौथा, भाच्याची पाठ वळलेली पाहून, त्यांनी गुपचूप नव्वद केला. निवल्यावर पहिले दोन नव्वद भरले, तिसरा साडेएकोणनव्वद आणि चौथा, ज्याच्यावर त्यांची सर्वाधिक श्रद्धा होती, तो एकोणनव्वद.

जास्त टॅक मारण्याचे तोटेही असतात. टॅक क्षणभराचा असतो, म्हणून हेल्मेट खाली ओढायचा कंटाळा येतो. ‘एकच तर मारायचाय’ म्हणत डोळे घट्ट मिटून बटण दाबलं जातं. एक चालून जातं. चाळीस नाही. चकचकीत ॲल्युमिनियम अतिनील किरणं परावर्तित करतं, त्यामुळे बाजूला उभ्या भाच्यालाही प्रसाद मिळतो. गंमत अशी की डोळे लगेच दुखत नाहीत. सहा-बारा तासांनी, म्हणजे बरोबर मध्यरात्री, पापण्यांखाली वाळू भरल्यासारखं होतं. त्या रात्री घरात बटाट्याच्या चकत्या, गुलाबपाणी आणि ‘मी सांगत होते’ हे तिन्ही उपचार झाले. सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरांनी थेंब दिले आणि बटाटा भाजीसाठी ठेवायला सांगितलं. आता सेकंदाच्या हजाराव्या भागाच्याही आत आपोआप काळं होणारं हेल्मेट आलं आहे. गृहस्थ ते घालून भाजी निवडायलाही बसतात, अशी घरातली तक्रार आहे. ती अतिशयोक्ती असावी.

स्टँडचं जे होईल ते होवो, पण या उमेदीत त्यांनी जुन्या सायकलची तडकलेली फ्रेमही जोडायला घेतली, ते थांबवायला हवं होतं आणि मिस्त्रीनंच थांबवलं. सायकलीच्या फ्रेमला बहुधा ६०६१ हे मिश्रण वापरतात, आणि त्याची ताकद उष्णोपचारातून आलेली असते. वेल्डिंगच्या आचेनं जोडालगतच्या पट्ट्यातली जवळपास निम्मी ताकद निघून जाते. जोड टिकतो, शेजार मोडतो. म्हणून कारखान्यात फ्रेम जोडून झाल्यावर ती ५३० अंशांच्या आसपास तापवून पाण्यात विझवतात, मऊ आहे तोवर ठोकून-वाकवून सरळ करतात, आणि मग १७५ अंशांच्या आसपास काही तास भट्टीत ठेवतात. म्हणजे जगातले तरबेज वेल्डरसुद्धा वाकलेलीच फ्रेम बाहेर काढतात आणि ती सरळ करायला वेगळी माणसं ठेवतात, हे कळल्यावर गृहस्थांना फार बरं वाटलं. १७५ अंश तर घरच्या ओव्हनमध्येही मिळतात, असं ते जेवताना सहज बोलून गेले. ओव्हन तेव्हापासून वरच्या मजल्यावर आहे.

ओझरच्या कारखान्यात बांधलेली मिग-२१ विमानं दीर्घ सेवेनंतर २६ सप्टेंबर २०२५ रोजी हवाई दलातून निवृत्त झाली. त्यांची कातडी शेवटपर्यंत रिव्हेटवर टिकली, हे गृहस्थांचे ओझरचे मित्र दर भेटीत ऐकवतात. एकानं तर वाढदिवसाला त्यांना रिव्हेट मारायची पक्कड भेट दिली. ती त्यांनी मनाला लावून घेतली, पण ठेवूनही घेतली.

स्टँड मात्र झाला. दुसऱ्या खेपेला आठ क्लॅम्प होते, खाली तांब्याची पट्टी उष्णता ओढून घेत होती, टॅक कोपऱ्याला चार होते आणि कर्णांत फरक एक मिलिमीटर. पाय लावताना गृहस्थांनी लेव्हल न धरता थेट जमिनीवरच स्टँड उभा केला, चारी पाय टेकले याची कागद सरकवून खात्री केली आणि मगच टॅक मारले. एकही पाय हलेना. तीन सायकली चढवल्या. सोसायटीतले लोक बघून गेले. वहिनींनी ‘अगदी विकतच्यासारखा’ म्हटलं. मग तो उचलून घरात, जिन्याखालच्या ठरलेल्या जागी ठेवला, आणि तो डुलायला लागला.

भाचा लेव्हल घेऊन पार्किंगमध्ये गेला. पार्किंगची जमीन पाणी जाण्यासाठी चारी बाजूंनी मधल्या जाळीकडे उतरती होती, बिल्डरनं केली होती तशी, व्यवस्थित. स्टँडचे पाय त्या उतारांना मिलिमीटरपर्यंत जुळलेले होते. त्यामुळे तो आता पार्किंगमध्येच, त्याच चार खुणांवर, त्याच दिशेला तोंड करून उभा असतो. गाडी बाहेर रस्त्यावर, वहिनींच्या गेटसमोर लावावी लागते, आणि त्यावरून गेल्या आठवड्यापासून वहिनींनी काकांना ‘काका’ म्हणणं थांबवलं आहे.